गार्लंड, जूडी
(१० जून १९२२–२२ जून १९६९). अमेरिकन चित्रपट-अभिनेत्री व गायिका. मूळ नाव फ्रान्सिस एथेल गम. जन्म मिनेसोटा राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे. वयाची तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच ती वडिलांच्या चित्रपटगृहातील रंगमंचावर बहिणींसमवेत गाऊ लागली. १९३५ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रपटसंस्थेने तिला करारबद्ध केले. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मधील डॉरोथीच्या भूमिकेमुळे ती जगद्विख्यात झाली व तिला बालकलावंतांसाठी असलेले खास ऑस्कर पारितोषिक लाभले. मात्र वजन घटविण्यासाठी व अखंड कामासाठी कोवळ्या वयातच सुरू झालेल्या उत्तेजक व निद्राकारी औषधांचे तिला व्यसन जडले. परिणामी काम अनियमित होऊन १९५० मध्ये करार संपुष्टात आला. ‘ए स्टार इज बॉर्न’ (१९५४) मधील अभिनय व न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील गायन (१९६१) यांतून तिचे असामान्य सामर्थ्य पुन्हा प्रत्ययास आले. निद्राकारी औषध अनवधानाने अतिमात्रेत घेतले गेल्याने लंडन येथे तिचे निधन झाले.