तळ्यातला गणपती आणि वळवलेला ओढा

पुण्यात तळ्यातला गणपती आहे, पण त्याच्याभोवती तळं नाही! सारसबागेतल्या देवळाला जुनी माणसं अजून याच नावानं ओळखतात. पेशव्यांच्या काळी इथं खरंच तळं होतं, आणि देऊळ त्यातल्या बेटावर. गटातल्या आम्ही बाया शहरात पायी फिरलो, ते अशीच पाण्याची नावं धरून.

तळ्याला पाणी आंबिल ओढ्याचं. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा पूर्वी पेठांमधून वाहत मुठा नदीला मिळायचा. शहर वाढलं, जागा हवी झाली. मग नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीपाशी बांध घालून ओढा पश्चिमेला वळवला. आज दांडेकर पुलाखालून जातो तो हा वळवलेला ओढा. जुन्या पात्रावर घरं उठली, गल्ल्या झाल्या. आता तिथून चालताना पायाखाली ओढा होता असं सांगूनही खरं वाटत नाही.

1750 च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून पाणी दगडी नळानं शहरात आणलं. नळ कसला, भुयारच ते! हवेसाठी जागोजागी उच्छ्वास ठेवलेले. पंप नाही, वीज नाही, सगळं उतारावर. पाणी हौदात पडायचं, तिथून लोक भरायचे. वाड्या-महालांपेक्षा आम्हाला हे काम मोठं वाटतं. डोक्यावर हंडा वाहिलेल्या बाईला त्याचं मोल कळतं. फडके हौद, बदामी हौद, काळा हौद ही नावं आता रिक्षावाल्याला सांगायचे पत्ते झालेत.

पूर्वेकडची नागझरी दोन भिंतींमधून जाते. नाव झऱ्याचं, वास गटाराचा. मुठेच्या काठी घाट आहेत, पण पात्रातच रस्ता झालाय, मेट्रोचे खांबही उभे आहेत. धरणातून जास्त पाणी सोडलं की तो रस्ता बंद करावा लागतो.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडं मुसळधार पाऊस झाला आणि आंबिल ओढा काठच्या वस्त्यांत घुसला. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं दगावली. त्या पावसात पुणे परिसरात वीसच्या वर जीव गेले. ओढ्याचं पात्र ठिकठिकाणी आवळलेलं होतं, आणि पार काठाला राहत होते ते पोटासाठी शहरात आलेले, दुसरीकडं भाडं न परवडणारे लोक.