कुलाब्याच्या चुंबकाचा स्थलत्याग

बारामती-इंदापुराकडे विहीर खणतांना जो काळा कातळ लागतो, त्यांत लोहचुंबकी खनिजाचे सूक्ष्म कण असतात. शेतकऱ्यास त्याचें सोयरसुतक नसतें. परंतु पृथ्वीचें चुंबकत्व मोजणाऱ्यास हाच दगड विघ्नरूप होतो. महाराष्ट्रांतील एक इमारत बांधतांना तो मुद्दाम वर्ज्य करावा लागला, त्याची हकीकत मनोरंजक आहे.

मुंबईस कुलाबा येथें १८२६ सालीं वेधशाळा स्थापन झाली व १८४१ पासून तेथें चुंबकसूचीचे वेध घेतले जाऊं लागले. ता. १ सप्टेंबर १८५९ रोजीं कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिष्यास सूर्यबिंबावर तेजाची लखलख दिसली. दुसऱ्याच दिवशीं कुलाब्याच्या वेधांत पृथ्वीचें चुंबकबल एकाएकीं विलक्षण घटल्याचें आढळलें. त्या वादळानें युरोप-अमेरिकेंतील तारायंत्रें बिघडलीं. त्याचें मान ठरवितांना २००३ सालीं संशोधकांनीं कुलाब्याच्याच नोंदीचा आधार घेतला.

पुढें मुंबईंत घोड्यांच्या ट्रामऐवजीं विजेची ट्राम आणण्याचें घाटूं लागलें, आणि वेधशाळेवर संकट आलें. तारेंतून विद्युत्प्रवाह वाहूं लागतांच जवळची चुंबकसूची वळते, हें ओर्स्टेडनें १८२० मध्यें दाखविलें होतें. ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परततो व त्याचा कांहीं अंश जमिनींत पसरतो. मग सूची सूर्याची वार्ता सांगते कीं ट्रामची, हें कोणीं ओळखावें?

वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत यावर उपाय झाला. समुद्रापलीकडे अलिबाग येथें नवें चुंबकगृह उभारलें. त्यासाठीं काळ्या कातळाऐवजीं चुंबकत्वरहित असा पोरबंदरी दगड आणला. परंतु जागा बदलली कीं मानही बदलतें. साठ वर्षांची परंपरा तुटली असती. म्हणून १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेऊन जुन्या-नव्या मानांतील फरक निश्चित केला. १९०७ सालीं मुंबईच्या रस्त्यांवरून विजेची ट्राम धांवूं लागली.

वीज व चुंबकत्व हीं एकाच शक्तीचीं दोन रूपें. म्हणूनच एकीची चाहूल दुसऱ्यास लागल्यावांचून राहत नाहीं. मुंबईकरांस ट्राम हवी होती, शास्त्रास नोंद. दोन वर्षें धीर धरल्यामुळें दोहोंपैकीं एकाचाही बळी द्यावा लागला नाहीं. ती ट्राम १९६४ सालीं बंद झाली. अलिबागेची नोंद अद्याप चालू आहे.