सुबाभूळ: युजर नसलेलं झाड

घाटकोपर ते मुलुंड लोकलच्या दारातून रुळांकडेची झाडी बघा. चिंचेसारखी बारीक पानं, पांढरी गोंड्यासारखी फुलं, चपट्या तपकिरी शेंगांचे झुबके दिसले की ती सुबाभूळ. नॅशनल पार्कच्या कडेला, पवईच्या उतारांवर, रिकाम्या प्लॉटवर हीच. मुद्दाम लावलेली कमी, आपली आपण आलेली जास्त.

तिचं माहेर मेक्सिको. तिथल्या ओआहाका राज्याचं नावच या झाडावरून पडलंय आणि तिथले लोक तिच्या बिया आवडीने खातात. स्पॅनिश जहाजांतून ती फिलिपिन्सला पोचली, पुढे उष्ण कटिबंधात सगळीकडे गेली. तिचा झुडपी प्रकार भारतातही आधीपासून होता, पण महाराष्ट्रात तिला खरं नाव मिळवून दिलं ते उरुळीकांचनने.

मणिभाई देसाई १९४६ साली गांधीजींबरोबर तिथे आले आणि तिथलेच झाले. १९६७ मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था उभारली. संकरित गाय गरिबाच्या दारात बांधायची, तर तिला बारमाही हिरवा चारा हवा. हवाई विद्यापीठातले जेम्स ब्रूबेकर यांनी सुबाभळीचे उंच, झपाट्याने वाढणारे वाण निवडले होते. त्यांतला के-८ बाएफने आणला. प्रथिनांनी भरलेला पाला, मुळांत नत्र, सरपण, कागदासाठी लाकूड, वर काटे नाहीत. बाभूळ, पण चांगली, म्हणून 'सु'. १९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बग होतेच. पाल्यात मिमोसिन नावाचं विष असतं. घोड्याने खाल्ला तर आयाळ गळते. ऑस्ट्रेलियात गुरं आजारी पडत, हवाईतल्या शेळ्यांना मात्र काही होत नसे. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने कारण शोधलं: त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू विष पचवत होते. तेच जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले आणि प्रश्न सुटला. (मला हा पॅच फार आवडतो.) पुढे ऐंशीच्या दशकात एका बारक्या किडीने आशियाभर तिची पानं शोषली आणि कौतुकही ओसरलं. नंतर ती जगातल्या शंभर वाईट आक्रमक प्रजातींच्या यादीत जाऊन बसली.

मला ही बेइमानी वाटते. झाड बदललेलंच नाही. भरपूर बी, तोडलं तरी फुटणं, खडकाळ जमिनीत तगणं हेच तर आपण मागितलं होतं. पण त्या योजनेत रोज कोयता घेऊन येणारा माणूस आणि त्याची जनावरं गृहीत धरली होती. उपनगरातल्या टेकडीवर दोन्ही नाहीत. शेंगा वाळतात, तडकतात, खाली रोपांची गर्दी होते आणि तिच्यात कुडा, करवंद गुदमरतात.

नुसती तोडून उपयोग नाही, बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. शेंगा तपकिरी व्हायच्या आत छाटायच्या, रोपटी पावसात माती मऊ असताना मुळासकट उपटायची. हे काही वर्षं करावं लागतं, कारण जमिनीतलं बी टिकून असतं. आणि निघालेला पाला कचऱ्याच्या गाडीत न घालता जवळच्या शेळीवाल्याला द्यायचा. घोडेवाल्याला नको.