मुंढव्याची वाट

दर वर्षी ३ जानेवारीला आमच्या शाळेत सावित्रीबाई फुल्यांची जयंती होते. चौथीतली एखादी मुलगी आजीचे नऊवारी गुंडाळून सावित्रीबाई होते आणि दोन वांड मुले तिच्यावर कागदाचे बोळे फेकून सनातनी पुणेकर होतात. मग मी उठतो आणि वर्षानुवर्षे तेच भाषण करतो: १८३१ साली नायगावी जन्म, नवव्या वर्षी लग्न, १८४८ साली भिडेवाड्यातली मुलींची शाळा, वाटेत अंगावर पडणारे शेण. शेवटचे वाक्यही ठरलेले, 'आणि १८९७ साली प्लेगने त्यांचा मृत्यू झाला.' टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो, सभा संपते.

एका वर्षी मात्र ती तशी संपेना. मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिची आई तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. मुलगी म्हणाली, "गुरुजी, प्लेग त्यांच्याकडे आला, की त्या प्लेगकडे गेल्या?"

मी काहीतरी पुटपुटून तिला खाली बसवले. घरी येऊन कपाटातली चरित्रे काढली. वाचकहो, पुष्कळदा वाचलेले पुस्तक प्रश्न घेऊन वाचले म्हणजे निराळेच निघते, तसे झाले.

आपण सावित्रीबाईंच्या हातात पुस्तक देऊन त्यांचे चित्र काढतो. पण त्या हातांनी बाळंतपणेही केली आहेत. त्या काळी ब्राह्मण घरांतल्या कोवळ्या विधवेचे पाऊल चुकले, किंवा बहुधा कोणी चुकवले, तर तिला दोनच वाटा उरत: विहीर, नाहीतर पोटच्या गोळ्याच्या नरड्याला नख. जोतीराव आणि सावित्रीबाई ह्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. इथे गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या अगर ठेवून जा, असे त्यांचे सांगणे. जाहीर निमंत्रण देणे निराळे आणि परक्या बाईचे अंगारपाणी करून तिचे न्हाणे-धुणे काढणे निराळे. ते दुसरे काम घरच्या बाईकडेच असते.

अशाच आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा ह्या निपुत्रिक जोडप्याने दत्तक घेतला, तो यशवंत. लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको. पण ह्या आईने त्याला वाढवले, शिकवले, डॉक्टर केले. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा अंत्यविधीच्या अधिकारावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती धरून प्रेतापुढे चालल्या. पुढे १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. त्याही आधी, १८७७ च्या दुष्काळात, त्या जुन्नर भागात फिरत होत्या. ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. भुकेल्या पोरांसाठी काढलेल्या अन्नछत्रांत भाकरी थापण्यापासून सारे काम करावे लागे.

आता १८९६ सालाकडे येऊ. त्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग निघाला आणि थोड्याच महिन्यांत पुण्यात शिरला. काखेत किंवा जांघेत गाठ, कडकडून ताप, आणि चार-सहा दिवसांत माणूस आटोपे. रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण उंदरांवरच्या पिसवा तो माणसात आणतात हे पुढे १८९८ साली ध्यानात आले. तोवर कोणाला काय टाळावे तेच कळत नव्हते. मुलगा बापाला शिवेना, घरे ओस पडली. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीचा कायदा झाला, पुण्यात रँडसाहेब आले आणि त्यांच्या शिपायांनी घरे धुंडाळली. २२ जूनच्या रात्री चाफेकरांच्या गोळ्या सुटल्या. त्या वर्षातले इतिहासाने लक्षात ठेवले ते एवढेच.

पण ह्या धामधुमीच्या थोडे आधी, हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या मळ्यात एक दवाखाना उभा राहिला होता. सावित्रीबाईंनी लष्करात डॉक्टर असलेल्या यशवंताला बोलावून घेतले आणि मोकळ्या माळावर रोग्यांची सोय केली. एकुलता मुलगा साथीपासून लांब असताना त्याला साथीत बोलावणारी आई! मी हे वाक्य दोनदा वाचले. ज्या मुलाला जगाने जन्माआधीच नको म्हटले होते, त्याला तिने लोकांच्या उपयोगी पडण्यासाठी हाक मारली.

रोगी मळ्यात आपण होऊन येत नसत, आणावे लागत. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांचा मुलगा तापाने फणफणला आहे असे सावित्रीबाईंना कळले. त्या गेल्या, पोराला पाठीवर घेतले आणि दवाखान्याची वाट धरली. वय सहासष्ट. पोर वाचले असे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंना रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी, त्याच आजाराने, त्या गेल्या.

आज हडपसर आणि मुंढवा दोन्ही पुणे शहराच्या पोटात गेली आहेत. मी एकदा त्या बाजूने बसने गेलो. खिडकीतून पाहताना हिशेब करीत होतो: पाठीवरचे पोर किती जड असेल, म्हातारी किती वेळा थांबली असेल, त्याचा तापलेला श्वास तिच्या मानेवर कसा लागत असेल.

हा हिशेब मी का करीत होतो तेही सांगून टाकतो. २०२० साली, साथीच्या ऐन भरात, माझे शेजारी रात्री धापा टाकीत दाराशी आले. मोटारसायकलवरून तालुक्याला सोडा म्हणाले. मी खिडकीची फट ठेवून सांगितले, "गाडीत पेट्रोल नाही हो." टाकी अर्धी भरलेली होती. शेवटी त्यांना नेले ते ह्याच मुलीच्या आईने, आपल्या स्कूटरवर मागे बसवून, ओढणीने स्वतःशी बांधून. मुलीला हे सारे ठाऊक होते की नाही, मी आजवर विचारलेले नाही.

शेजारी बरे झाले. पेट्रोलचा विषय त्यांनी कधी काढला नाही. दिवाळीला फराळाचे पहिले ताट आजही त्यांच्याच घरून येते, आणि त्यांची चकली माझ्या घशाखाली सहज उतरत नाही.

जयंतीचे भाषण मी अजूनही करतो. फक्त शेवटचे वाक्य बदलले आहे. आता म्हणतो, "मुलांनो, १८९७ साली सावित्रीबाई मुंढव्याला गेल्या आणि एका पोराला पाठीवर घेऊन आल्या." पुढे काय झाले ते मुले विचारतात, मग सांगतो.