लघवीवरचा ताबा सुटणे (मूत्रअसंयम)

मनात नसताना लघवी होणे, मग ते चार थेंब असोत वा लुगडे भिजेल इतकी. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे. वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते अधिक आढळते. पण ‘वय झाले, आता चालायचेच’ हा समज चुकीचा आहे.

मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. तो भरत असताना त्याच्या भिंतीचा स्नायू सैल आणि मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू आवळलेला असतो. रिकामा होताना याच्या उलट घडते. मेंदू आणि मज्जारज्जू हे काम सांभाळतात. बिघाड नेमका कुठे आहे, त्यावर प्रकार ठरतो.

खोकताना, हसताना, पाण्याचा हंडा उचलताना लघवी सुटत असेल, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडलेले असतात. बाळंतपणे, पाळी जाणे, लठ्ठपणा, जुनाट खोकला ही त्याची नेहमीची कारणे. एकाएकी जोराची घाई होऊन दारापर्यंतही पोहोचता येत नसेल, तर मूत्राशय अवेळी आकुंचन पावतो. अनेक स्त्रियांना हे दोन्ही त्रास एकत्र असतात. पुरुषांत प्रोस्टेट वाढल्यावर, तसेच जुन्या मधुमेहात, मूत्राशय पुरता रिकामा होत नाही आणि भरून वाहू लागतो. हा प्रकार मूत्रपिंडांनाही बाधू शकतो. गुडघे धरलेले आणि संडास अंगणापलीकडे, एवढ्यानेही गळती होते. अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेतल्या इजेमुळे मूत्राशय व योनी यांच्यात छिद्र पडले, तर रात्रंदिवस गळती चालू राहते. ते बहुधा शस्त्रक्रियेनेच बुजवावे लागते.

लघवीला जायची सोय नसणेही या त्रासात भर घालते. छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरचे चितेगाव हे कारखान्यांचे गाव. कामगारांसाठी लघवीची सोय करणे, तीही स्त्री-पुरुषांची वेगळी, १९४८च्या कारखाने कायद्याने बंधनकारक केले. त्याच पैठण तालुक्यात मोसंबीच्या बागेत खपणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्या बाईला अशा कायद्याचा उपयोग नाही. मग पाणीच कमी प्यायचे, हा उपाय घरोघर चालतो. तो उलटा पडतो: लघवी दाट होऊन मूत्राशयाला चुरचुर लागते, जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता वाढते.

गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यात शासनाच्या समितीने २०१९मध्ये ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. या शस्त्रक्रियेनंतर लघवीचा ताबा कमी होण्याची शक्यता वाढते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, सर्वांत नाही. तरीही पिशवी काढण्याआधी हा धोका बाईला सांगितला गेलाच पाहिजे.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेल्या, १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. मूत्रअसंयमाचे दुखणे याच मौनात राहते. सून सासूला सांगत नाही, सासू डॉक्टरला.

उपचाराची सुरुवात बिनखर्चाची आहे. तीन दिवस पाणी किती, लघवी किती वेळा, कधी सुटली, हे लिहून ठेवावे. डॉक्टर लघवी व साखर तपासतात, सोनोग्राफीत उरलेली लघवी पाहतात. जंतुसंसर्ग किंवा एखादे चालू औषध हेच कारण निघाले, तर प्रश्न तिथेच मिटतो. ताण पडल्यावर लघवी सुटत असेल तर व्यायाम हा पहिला उपाय. तो अमेरिकी डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८मध्ये मांडला. वारा सरू नये म्हणून आपण जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, क्षणभर धरायचे, सोडायचे: एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून बहुतेकजणी सोडून देतात, आणि तिथेच चुकतात. लघवी मध्येच रोखून हा सराव करू नये.

घाईच्या त्रासात चहा कमी करणे आणि दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवणे यांनी गुण येतो. सोलिफेनासिन, ऑक्सिब्युटिनिन ही औषधे तोंड कोरडे करतात, म्हाताऱ्या माणसांत गोंधळलेपणा आणू शकतात. मिराबेग्रॉन घेताना रक्तदाब पाहावा लागतो. हट्टी दुखण्यात मूत्राशयात बोटॉक्सची सुई देतात. अंग बाहेर येत असेल तर योनीत पेसरीचे कडे बसवतात. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी टाकण्याची शस्त्रक्रिया १९९०च्या दशकात स्वीडनमधून पसरली. जाळीच्या तक्रारींमुळे ब्रिटनने २०१८मध्ये तिचा वापर थांबवला, म्हणून ती नीट विचारूनच करावी. पुरुषांत प्रोस्टेटचा इलाज आधी.

स्त्रियांनी संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात दाखवावे. लघवीत रक्त दिसल्यास लवकर तपासून घ्यावे. लघवी अजिबात होत नसेल, किंवा ताबा सुटण्याबरोबर पाय लुळे पडत असतील अथवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मणक्यातली नस दबलेली असू शकते.