‘पब्लिक हेल्थ’वाला इंजिनिअर

१९७५ साली मी एम.ई.ला प्रवेश घेतला तेव्हा नौपाड्यातल्या आमच्या चाळीत त्या पदवीचा अर्थ कुणाला नीट लागला नव्हता. विषयाचं नाव होतं ‘पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग’. शेजारच्या काकूंना वाटलं, मी आता डॉक्टर होणार. त्यांच्या यजमानांना वाटलं, मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होणार, म्हणजे गटारावर पावडर मारून घेतो तो! लग्नाच्या बाजारात हा दुसरा अर्थ जास्त पसरला आणि माझ्या आईला त्याचा बराच मनस्ताप झाला.

आज हाच विषय ‘पर्यावरण अभियांत्रिकी’ या नावानं शिकवला जातो आणि ते नाव ऐकून कुणी नाक मुरडत नाही. नाव बदललं ते बरंच झालं, असं पुष्कळ जण म्हणतात. मला मात्र वाटतं, की नावाबरोबर ‘पब्लिक’ हा शब्द गळाला आणि त्याबरोबर आणखीही काही गळालं. ते काय, हे समजण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

ठाण्याला रेल्वे आली १८५३ साली, नगरपालिका झाली १८६३ साली. १८९२ साली तानसा धरण पूर्ण झालं आणि ठाणे जिल्ह्यातलं पाणी मोठमोठ्या नळांमधून मुंबईला जाऊ लागलं. नौपाड्यातली जुनी घरं मात्र पुढे कितीतरी वर्षं विहिरीवर होती. परसात विहीर, मागच्या बाजूला सेप्टिक टँक, आणि टँकचं वरचं पाणी गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत. विहीर आणि टँक यांच्यात किती अंतर असावं, याचा विचार घर बांधणारा गवंडी करायचा. केला तर!

त्या काळी हा विषय इंजिनिअर काम करता करताच शिकत. सर विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून इंजिनिअर झाले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले. सक्करचा पाणीपुरवठा त्यांनी केला, एडनच्या पाण्याचा आणि मैल्याचा प्रश्न त्यांनी अभ्यासला, आणि मधल्या काळात ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअरही होते. आपण त्यांना धरणांसाठी ओळखतो. त्यांची ही बाजू आपण सहसा सांगत नाही, कारण गटाराचं काम करणाऱ्याचा पुतळा उभारायची आपल्याकडे पद्धत नाही.

पश्चिमेत या विषयाचं स्वतंत्र शिक्षण सुरू झालं त्याला कारण पटकी आणि विषमज्वर. लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरानं १८५४ साली एका पंपाच्या पाण्याशी पटकीचा संबंध दाखवून दिला. पण डॉक्टर रोगाचं मूळ दाखवू शकतो, नळ टाकू शकत नाही. त्यासाठी इंजिनिअर लागतो, आणि पाण्यात काय आहे हे सांगायला रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये हे तिघे एकत्र आले. तिथल्या एमआयटी या संस्थेची पहिली महिला पदवीधर एलेन स्वॉलो रिचर्ड्स. ती १८७३ साली पदवीधर झाली आणि पुढे त्या राज्यातल्या नद्या-तळ्यांच्या पाण्याचे हजारो नमुने तिच्या देखरेखीखाली तपासले गेले. सॅनिटरी केमिस्ट्री हा विषय तिनं कित्येक वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवला. आपल्याकडे मुलींनी गटाराचा विषय का घ्यावा, असं विचारणारे आजही भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आपल्या देशात या शिक्षणाला गती आली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालानं एक गोष्ट स्पष्ट केली, की दवाखाने कितीही काढा, पाणी आणि मैला यांची सोय नसेल तर रोगी येतच राहणार. कलकत्त्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थमध्ये इंजिनिअरांसाठी पदव्युत्तर वर्ग सुरू झाले. १९५४ साली राष्ट्रीय पाणीपुरवठा कार्यक्रम आला आणि त्याच वर्षी केंद्रात या विषयाची स्वतंत्र तांत्रिक संघटना झाली. ती होती आरोग्य मंत्रालयाखाली, हे लक्षात ठेवा. या संघटनेच्या पाठबळानं मद्रासचं गिंडी कॉलेज, मुंबईची व्हीजेटीआय, नागपूरचं विश्वेश्वरय्या कॉलेज अशा ठिकाणी नोकरीतल्या इंजिनिअरांना हा विषय शिकवला जाऊ लागला.

मी अशाच मुलांपैकी एक. नगरपालिकेनं पगार चालू ठेवून पाठवलेला. ठाण्याहून स्लो लोकलनं माटुंग्याला उतरायचं आणि चालत कॉलेज गाठायचं. वर्गातले बरेचसे माझ्यासारखेच, कुठल्या ना कुठल्या पालिकेतले किंवा सरकारी खात्यातले. कुणी सोलापूरच्या टंचाईतून आलेला, कुणी कोकणातल्या गढूळ पाण्यातून. प्राध्यापकांनी फळ्यावर सूत्र लिहिलं, की मागच्या बाकावरून आवाज यायचा, “सर, आमच्याकडे हे असं होत नाही!” त्या वर्गाची खरी गंमत तीच होती.

सहा चंचुपात्रं ओळीनं ठेवून प्रत्येकात तुरटीचं प्रमाण थोडं थोडं वाढवायचं, वरून पात्या फिरवायच्या आणि कुठल्या पात्रात गाळ सर्वांत छान खाली बसतो ते बघायचं. हा प्रयोग मी नंतर नोकरीत शेकडो वेळा केला. पावसाच्या पहिल्या आठवड्यात नदीचं पाणी चहासारखं होतं आणि कालचं तुरटीचं प्रमाण आज चालत नाही. पुस्तकातला आकडा त्या दिवशी उपयोगी पडत नाही, सहा पात्रंच उपयोगी पडतात.

पण या विषयाचं मर्म मला कळलं ते बीओडीच्या चाचणीत. सांडपाण्यातली घाण खाऊन टाकायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, त्याचं हे माप. नमुना बाटलीत बंद करायचा, ठरावीक तापमानाला ठरावीक दिवस ठेवायचा आणि आत किती प्राणवायू उरला ते बघायचं. शेवटच्या थेंबाला स्टार्चचा निळा रंग एकदम नाहीसा होतो, आणि उत्तर हाती येतं. हे माप रूढ केलं ते ब्रिटनच्या रॉयल कमिशननं, १९१२ च्या अहवालात. मुदत ठरली ५ दिवसांची. कारण असं सांगतात, की इंग्लंडातल्या नद्या एवढ्या आखूड, की ५ दिवसांत पाणी समुद्राला मिळतंच. तापमानही तिकडच्या उन्हाळ्याचं. पुढे जगभर २० अंश आणि ५ दिवस हेच चाललं.

आता नागपूरच्या मे महिन्यात २० अंश म्हणजे काय, याचा विचार करा. प्रयोगशाळेतली पेटी थंड ठेवायची म्हणजे शीतयंत्र हवं, आणि वीज गेली की पाच दिवसांची मेहनत पाण्यात. शिवाय आपली नदी २० अंशांवर वाहतच नाही. आपल्या उष्णतेत जिवाणूंचं काम वेगानं होतं. हे सगळं तपासून झाल्यावर भारतीय मानकात २७ अंश आणि ३ दिवस अशी चाचणी आली. १९९३ सालच्या मानकात ती आहे. इंग्लंडच्या नदीचं माप आपल्या नदीला लावायचं थांबलं, ही माझ्या मते छोटी गोष्ट नव्हे.

अशा अभ्यासाचं घर म्हणजे नागपूर. १९५८ साली तिथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. सोली आर्सीवाला तिचे संचालक होते आणि त्यांची पुस्तकं आमच्या पिढीनं आणि पुढच्यांनीही वापरली. या संस्थेनं १९७० साली सांडपाण्याच्या तळ्यांवर एक पुस्तिका काढली. उथळ तळं खणायचं, त्यात सांडपाणी सोडायचं, शेवाळानं उन्हात प्राणवायू तयार करायचा आणि जिवाणूंनी तो वापरून घाण संपवायची. यंत्र नाही, वीज नाही. ऊन आपल्याकडे फुकट आहे. तेलंगणातल्या नळगोंड्याचं नाव मिळालेली, तुरटी आणि चुन्यानं पाण्यातलं फ्लोराइड काढायची पद्धतही या संस्थेचीच. तळ्यांच्या पद्धतीला जागा मात्र भरपूर लागते. नौपाड्यात ती कुठून आणणार? इथे चौरस फुटाचा भाव सांगितला की शेवाळसुद्धा सुकेल.

मग वारं बदललं. महाराष्ट्रानं १९६९ सालीच जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला आणि १९७० साली प्रदूषण मंडळ स्थापन झालं. १९७२ साली स्टॉकहोमची परिषद झाली. १९७३ साली पाण्याची ती केंद्रीय संघटना आरोग्य मंत्रालयातून निघून बांधकाम आणि गृहनिर्माण मंत्रालयात गेली. १९७४ साली केंद्राचा जलप्रदूषण कायदा आला आणि त्याच वर्षी नागपूरच्या संस्थेचं नाव झालं नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. ‘सार्वजनिक आरोग्य’ हे शब्द पाटीवरून उतरले. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ घडलं. १९८५ साली पवईच्या आयआयटीत पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचं केंद्र निघालं, १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९९४ पासून मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल सक्तीचा झाला, आणि तो अहवाल लिहिणाऱ्यांची गरज एकदम वाढली.

हे सगळं हवंच होतं. डोंबिवलीत २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत तिथला रस्ता गुलाबी झाला. उल्हास, वालधुनी, काळू या नद्यांनी काय काय पोटात घेतलं ते कल्याणकरांना मी सांगायला नको. कारखान्याच्या सांडपाण्याला तुरटी आणि ब्लीचिंग पुरत नाही. त्याला रसायनांचं वेगळं ज्ञान लागतं, आणि नव्या अभ्यासक्रमानं ते दिलं. आज विद्यार्थी हवेचे कण मोजतात, संगणकावर प्रदूषणाचा प्रवास मांडतात. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. २०२१ पासून गेट परीक्षेत या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आली.

पण गिऱ्हाईक बदललं. पूर्वी हा विषय शिकणारा परत पालिकेत यायचा, कारण तो पालिकेनंच पाठवलेला असायचा आणि त्यानं करारपत्र लिहून दिलेलं असायचं. आता येणारा विद्यार्थी पदवीनंतर थेट येतो, गेटच्या गुणांवर विद्यावेतन घेतो आणि दोन वर्षांनी सल्लागार कंपनीत जातो, कारखान्यात जातो किंवा परदेशी जातो. त्याचं काही चुकत नाही. चुकतं ते एवढंच, की पालिकेच्या मलनिःसारण खात्यात त्याची वाट पाहणारी खुर्ची नाही. मी अशा पालिका पाहिल्या आहेत, की जिथे कालपर्यंत डांबर पाहणारा इंजिनिअर आज मैलाशुद्धीकरण पाहतो आणि उद्या उद्यानं पाहणार असतो. जिवाणू बदलीच्या आदेशाप्रमाणे वागत नाहीत, हे त्याला कळेपर्यंत त्याचीच बदली होते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२१ साली देशाचा हिशेब मांडला. शहरांमधून रोज ७२ हजार दशलक्ष लिटरहून जास्त सांडपाणी निघतं. ते शुद्ध करणारी केंद्रं बसवलेली आहेत जवळजवळ ३२ हजारांची. प्रत्यक्षात शुद्ध होतं २० हजारांच्या आसपास. म्हणजे केंद्र बांधून तयार आहे आणि तरी पाणी त्यातून स्वच्छ होऊन जात नाही, असं १२ हजार दशलक्ष लिटर. बाकीच्या ४० हजारांसाठी पैसा लागेल, जागा लागेल, हे मान्य. या १२ हजारांसाठी, निदान त्यातल्या बऱ्याचशा भागासाठी, माणूस लागतो.

आमच्या नौपाड्याचं पाणी आजही उताराप्रमाणे खाडीकडेच जातं. मोठा पाऊस झाला की वंदना टॉकीजपाशी साचतं, ही ठाणेकरांची जुनी ओळख. कोपरीला शुद्धीकरण केंद्र आहे. खाडीच्या काठावर बांदोडकर कॉलेज आहे. तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी चिखलात उतरून खाडीचा अभ्यास वर्षानुवर्षं केला. २०१५ साली खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत गेला. रोहित बघायला लोक दुर्बिणी घेऊन येतात. त्यांना खायला मिळतं ते शेवाळ आपल्या सांडपाण्यावर किती पोसलं जातं, हाही एका प्रबंधाचा विषय आहे.

आमच्या इमारतीतली एक मुलगी नुकतीच पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. झाली. प्रबंध सांडपाण्यातल्या औषधांच्या अंशांवर. पोरगी हुशार, नाल्यावर बादली घेऊन स्वतः उभी राहणारी. एका सल्लागार कंपनीचं पत्र तिच्या हातात आहे, पण तिनं एका महापालिकेच्या कनिष्ठ अभियंता पदासाठीही अर्ज भरला आहे. जाहिरातीत पात्रता स्थापत्यची पदवी किंवा पदविका. तिच्या एम.टेक.ला वेगळे गुण नाहीत आणि परीक्षेत सांडपाण्यावर किती प्रश्न येतील, ते तिच्या क्लासवाल्यांनी एका हाताच्या बोटांवर मोजून दाखवलं. सध्या ती पुन्हा सळया आणि सिमेंटची प्रमाणं पाठ करते आहे.