‘इन्टॉक्सिकेशन’ : अर्थ आणि उपयोग

परभाषेंतील शब्दाचा अर्थ कळणें निराळें आणि त्याचा उपयोग कळणें निराळें. अर्थास कोश पुरतो. १८४७ सालीं कँडीसाहेबांचा इंग्रजी-मराठी कोश निघाल्यापासून ती सोय आपणांस आहे. उपयोग मात्र लोकव्यवहारांतच शिकावा लागतो. ‘इन्टॉक्सिकेशन’ हा शब्द आम्ही उदाहरणादाखल घेतों.

ग्रीक भाषेंत ‘टॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य. त्यावरून बाणास माखावयाच्या विषाला नांव मिळालें. लॅटिनमध्यें तो शब्द सर्वच विषांचा वाचक झाला, आणि इंग्रजींत आधीं विषप्रयोग व मग दारूची धुंदी असा अर्थ फिरला. आमचा ‘मद’ हर्षवाचक धातूपासून निघाला आणि षड्रिपूंत जाऊन बसला. अरबींतून आलेला ‘अंमल’ तर राजाचाहि असतो आणि दारूचाहि! इंग्रजी शब्दांत पिणारा विष बाधलेला ठरतो. मराठींत तो उन्मत्त ठरतो, नाहीं तर पराधीन.

मग दोष कोणाचा? १८६० च्या भारतीय दंडसंहितेनें ८५ व ८६ या कलमांत याचा निकाल केला. नकळत किंवा बळजबरीनें पाजलेल्या पदार्थानें ज्याची शुद्ध पार हरपली, त्यास क्षमा. आपल्या हातानें प्यालेल्यास ती सबब नाहीं. नुसतें पिणें हा तिच्या दृष्टीनें गुन्हा नव्हता. सार्वजनिक जागीं झिंगून लोकांस उपद्रव देणारास मात्र कलम ५१० अन्वयें चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा दहा रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या न्यायसंहितेनें दंडाची मर्यादा हजार रुपये केली व समाजसेवेचीहि शिक्षा घातली. क्षमेचें तत्त्व तेंच ठेविलें.

हा कायदा सर्व मराठी मुलखास एकदम लागू झाला नाहीं. आजच्या जालना जिल्ह्यांतील कुंभार पिंपळगांव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. दरबारची भाषा उर्दू. भारतीय दंडसंहिता त्या मुलखास १९५१ सालीं लागू झाली. पुण्याच्या न्यायालयांत जवळजवळ नव्वद वर्षें वावरलेला हा शब्द तेव्हां तेथें कायद्याचा शब्द म्हणून पोंचला. परंतु ‘नशेंत होता, त्याला काय बोलावें?’ ही सबब कोणत्या गांवास नवी आहे?

त्या सबबीचें खरें उत्तर गडकऱ्यांनीं दिलें. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ नाटकांतील सुधाकर हा वकील आहे. कायद्याचे शब्द त्यास शिकवावे लागत नाहींत. तळीराम प्याला पुढें करतो, पण उचलतो सुधाकरच. घराचा नाश झाल्यावर तो दारूंत विष कालवून पितो, आणि ग्रीकांच्या बाणावरील जुना अर्थ मराठी रंगभूमीवर खरा होतो.

शब्दाचा अर्थ सुधाकरास ठाऊक होता. उपयोग कळावयास त्यास सिंधू गमवावी लागली. आपल्या गांवोगांवच्या सिंधूंना तरी तो धडा पुन्हा पुन्हा कां भोगावा लागावा?